सफाई कंत्राटदाराची डब्ल्यूसी पॉलिसी : पार्श्वभूमी

हाउसकीपिंगच्या धंद्यात आजही सगळे ‘डब्ल्यूसी पॉलिसी’च म्हणतात : वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावर अपघात झालेल्याला मालकाने द्यायच्या भरपाईचा विमा. खरं तर 1923च्या कामगार भरपाई कायद्यातला ‘वर्कमन’ जानेवारी 2010मध्ये गेला आणि ‘एम्प्लॉयी’ आला. 1 जुलै 1924ला कायदा लागू झाला तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गिरणी, खाण, रेल्वे होती. फाटकाच्या आत माणूस कामावर, बाहेर पडला की सुटला. सफाईच्या धंद्याला फाटकच नाही.

डिसेंबर 2000पर्यंत तर एखाद्या ऑफिसने दोन दिवस काचा पुसायला बोलावलेला माणूस शिडीवरून पडला, तरी ‘काम तात्पुरतं, आमच्या धंद्याचं नाही’ एवढं सांगून सुटता येत असे. ती पळवाट दुरुस्तीने बुजली. कंत्राटदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून, म्हणजे कंत्राट देणाऱ्याकडून, वसूल होऊ शकते, हे कलम मात्र पहिल्यापासून आहे. कायद्याने जबाबदारी सक्तीची, विमा ऐच्छिक. तरी कंत्राट देणारे गेटपासआधी पॉलिसीची प्रत मागतात ती या कलमाच्या धास्तीने.

सगळा गुंता एका शब्दप्रयोगाभोवती आहे : अपघात ‘कामामुळे आणि कामाच्या ओघात’ झालेला हवा. दोन्ही अटी एकदम. ओल्या लादीवर घसरून मनगट मोडलं तर वाद नाही. पण पहाटे पाचची बँक, अकराचा दवाखाना, संध्याकाळचं ऑफिस अशा तीन साइट करणाऱ्या बाईला मधल्या रस्त्यात रिक्षाने उडवलं तर? कंत्राटदाराच्या सांगण्यावरून एका साइटवरून दुसरीकडे जाणं हे काम धरलं जाण्याची शक्यता बरीच. घरून पहिल्या साइटला जाणं मात्र वर्षानुवर्षं बाहेर राहिलं. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, कायद्यात 2010मध्येच घर ते कामाची जागा हा प्रवास आला. 1923च्या भरपाई कायद्यात आला नाही. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच वेळी पडलेल्या दोघांना दोन न्याय.

जुलै 2025मधला निकाल याच विसंगतीवरचा. साखर कारखान्याचा पहारेकरी 2003मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना वाटेत मोटारसायकल अपघातात गेला. भरपाई मंजूर झाली, वरच्या न्यायालयात रद्द झाली, आणि बावीस वर्षांनी सर्वांत वरच्या न्यायालयात पुन्हा मिळाली : प्रवासाची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी दुवा सिद्ध झाला तर तो कामातलाच अपघात. 1923च्या कायद्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच कसोटी आहे. विमा कंपन्यांना हे महाग पडेल, पण पहाटेच्या पाळ्या लावायच्या आणि पहाटेचा रस्ता नाकारायचा, हे टिकणारं नव्हतंच. मात्र दुवा दाखवायचा कागदानेच : पाळीचं वेळापत्रक, साइटवार हजेरी, बदली ड्यूटीचा मेसेज. तिथेच बहुतेक कंत्राटदार कोरे सापडतात.

रकमेचा हिशेब सरळ आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचे 50 टक्के गुणिले वयाचा गुणक. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक 184.17. वेतनाची हिशेबापुरती कमाल मर्यादा 2010पासून 8,000 होती, जानेवारी 2020मध्ये 15,000 झाली. म्हणजे 15,000 पगाराच्या त्याच माणसाचे आधी 7,36,680 रुपये होत, नंतर 13,81,275. प्रीमियम वाचवायला पगार 10,000 जाहीर केलेला असेल, तर वरचा फरक कंत्राटदाराच्या खिशातून. भरपाई महिनाभरात जमा झाली नाही तर 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड पॉलिसीत बसत नाही. पॉलिसीत ‘कार्यालयीन साफसफाई’ लिहून माणूस दोरावर लटकवून काचा पुसून घेतल्या, तर दाव्याची सुरुवातच भांडणाने होते.

2017पासून ईएसआयची वेतनमर्यादा 21,000 आहे, आणि ईएसआयमध्ये असलेल्याला त्याच अपघातासाठी दुसरी भरपाई मागता येत नाही. तरी कित्येक कंत्राटदार त्याच माणसांचा प्रीमियम दोन्हीकडे भरतात आणि 22,000 पगाराचा सुपरवायझर दोन्हीतून सुटतो.

हातांच्या त्वचारोगाचं दुखणं मात्र जुनंच. ॲसिड-फिनाईलने झालेली इजा व्यवसायजन्य आजारात धरायला 1923च्या कायद्यात त्याच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी लागत असे. आधीच्या मालकाकडचा काळ मोजत नसत. कंत्राट दरवर्षी बदलतं, बाई त्याच इमारतीत तोच मजला पुसत असते, आणि सहा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू.