खेकड्याचं कवच आणि आपले गुडघे

कोल्हापुरात गुडघेदुखीवर सल्ला मागावा लागत नाही, तो आपोआप मिळतो. रंकाळ्यावर फिरायला येणारी मंडळी पायाचं सूप प्यायला सांगतात, तालमीतले जुने पैलवान तेलाचं मालिश सुचवतात आणि परदेशातून सुट्टीला आलेली पोरं आईबाबांसाठी ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा भलामोठा डबा आणतात. सूप आणि डबा यांच्यामागचा विचार तसा एकच: जे झिजलंय तेच पोटात घालायचं.

विचार वरवर बिनतोड वाटतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ‘गादी झिजली’ म्हणतात ती हीच. तिच्यात पाणी धरून ठेवणारे लांबलचक रेणू असतात आणि ते घडवायला शरीर ग्लुकोसामाइन नावाची अमिनो शर्करा वापरतं. १८७६ साली जॉर्ज लेडरहोझ या जर्मन संशोधकानं ती लॉब्स्टरच्या कवचातून वेगळी केली. आजही बराचसा माल कोळंबी-खेकड्यांच्या टाकाऊ कवचांपासूनच बनतो. माळकरी आणि जैन घरांत ही गोळी बिनदिक्कत घेतली जाते, तेव्हा हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं! बुरशीपासून केलेलं शाकाहारी ग्लुकोसामाइनही मिळतं, फक्त लेबल वाचायला हवं. कवचधारी माशांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर वाचावंच.

पण शरीर या गोळीची वाट बघत बसलेलं नसतं. पेशी साध्या ग्लुकोजपासून स्वतःच ग्लुकोसामाइन तयार करतात. शिवाय कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत. चालताना तिच्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा स्पंजासारखी ती सांध्यातल्या द्रवातून पोषण ओढून घेते. गिळलेल्या गोळीतला बराच भाग यकृतातच खर्ची पडतो. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींवर जो परिणाम दिसला, तो बऱ्याचदा रक्तात पोहोचणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट मात्रेचा असतो.

मग ‘मला पंधरा दिवसांत फरक पडला बघा’ म्हणणाऱ्या काकू खोटं बोलतात का? अजिबात नाही. अमेरिकेत सरकारी पैशातून झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. गुडघ्याच्या संधिवाताचे १,५८३ रुग्ण, २४ आठवडे उपचार, आणि दुखणं निदान २० टक्क्यांनी उतरलं तर ‘फरक पडला’ असं धरायचं. रोज १,५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोकांना फरक पडला. एवढंच छापलं की जाहिरात तयार. पण ज्यांच्या गोळीत औषधच नव्हतं, त्यांच्यातही ६० टक्क्यांना फरक पडला होता! एवढं अंतर योगायोगानंही पडू शकतं. मध्यम ते तीव्र दुखणं असलेल्या छोट्या गटात ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन (कूर्चेतलाच आणखी एक घटक) या जोडीचा आकडा बराच चांगला आला. विक्रेते तोच पुढे करतात. संशोधकांनी मात्र त्याची पुन्हा खातरजमा करायला हवी असं बजावलं होतं.

औषधाविना ६० टक्के आले कुठून? अपेक्षेचा वाटा आहेच. पण हे दुखणं मुळात चढत-उतरत असतं. जोतिबाच्या पायऱ्या चढून-उतरून आलं की गुडघा धरतो, माणूस वैतागून गोळी सुरू करतो, आणि एरवीही ओसरणारी कळ ओसरली की श्रेय गोळीला जातं.

उत्पादकांच्या पैशातून झालेल्या चाचण्यांत फायदा जास्त दिसतो. २०१० मध्ये १० चाचण्यांमधल्या ३,८०३ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा जाणवण्याइतका फायदा आढळला नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ही गोळी देऊ नये, अशी ठाम शिफारस केली.

घेतलीच तर बहुतेकांना अपचनापलीकडे त्रास होत नाही. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आपल्याकडच्या स्ट्रिपची मागची बाजूही नीट बघा. ग्लुकोसामाइनच्या खाली बारीक अक्षरांत कधीकधी डायसेरीन लिहिलेलं सापडेल. ते वेगळं औषध आहे आणि त्यानं जोराचे जुलाब होऊ शकतात. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच ६५ वर्षांवरच्या रुग्णांना ते देऊ नये असं सांगितलं. गोळी घेऊन पोट बिघडलं, की आपण कालच्या मिसळीला दोष देतो.

डब्याच्या पैशात फिजिओथेरपिस्टच्या दोन-चार फेऱ्या होतात. वजन जास्त असणाऱ्यांचं एक किलो उतरलं, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी घटतो, असं २००५ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम खुर्चीत बसूनही होतो: पाय गुडघ्यात सरळ करायचा, पाच-सहा सेकंद तसाच धरायचा, सावकाश खाली सोडायचा, मग दुसरा. टीव्हीवरची मालिका बघता बघताही जमतं.