इंग्रज पाथरवट पूर्वजांचा शोध

इंग्लंडमध्ये दगड घडवणाऱ्या आणि बांधकामात बसवणाऱ्या कारागिरांची, म्हणजे स्टोनमेसन लोकांची वंशावळ जुन्या कागदपत्रांवरून लावणं, असा हा सगळा प्रकार. वंशावळीच्या नादाला लागलेल्या माणसाला शेतमजूर पूर्वज निघाला तर काम तसं सोपं, कारण तो बहुतेक वेळा पाच-दहा मैलांच्या आतच जन्मला, लग्न केलं आणि मेला. पाथरवटाचं तसं नाही. जिथे चर्च, पूल, रेल्वेचा व्हायडक्ट (कमानींचा लांब पूल) किंवा एखाद्या लॉर्डचा वाडा उभा राहतोय तिथे हा जाणार, काम संपलं की बिऱ्हाड उचलून पुढे, त्यामुळे नुसतं गाव धरून बसलं की माणूस हातातून निसटतो. काम कुठे चाललं होतं आणि दगड कुठल्या खाणीचा होता हे आधी बघायचं, गाव मागाहून सापडतं.

मुख्य कागद सगळ्यांना लागतात तेच. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, मृत्यू, लग्न यांची सरकारी नोंद सुरू झाली आणि लग्नाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्याही बापाचं नाव आणि धंदा येतो, म्हणजे एका कागदात दोन पिढ्या. त्याआधीच्या काळासाठी पॅरिश रजिस्टर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या (पॅरिशमधल्या) बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची वही, जिचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. पण जुनी रजिस्टरं फार कंजूस, 'जॉनचा मुलगा विल्यम' एवढंच लिहून पाद्री मोकळा, आणि एका गावात चार जॉन असले की बसा डोकं धरून. पाथरवटवाल्यांसाठी खरं महत्त्वाचं वर्ष १८१३, कारण तेव्हापासून बाप्तिस्म्याचा छापील फॉर्म आला आणि त्यात मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा असे वेगवेगळे रकाने होते. एकाच नावाच्या दोन माणसांपैकी आपला कुठला हे या धंद्याच्या रकान्यावरून बऱ्याचदा सुटतं.

जनगणना दर दहा वर्षांची. १८४१ ची जरा चावट आहे, पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं असा नियम होता आणि जन्म याच काउंटीत (जिल्ह्यात) झाला का, एवढंच विचारलं होतं. १८५१ पासून जन्माची पॅरिश येते आणि तिथे मजा सुरू होते. समजा एका घरात मोठी मुलगी डॉर्सेटमधल्या स्वानेजला जन्मलेली, मधला मुलगा वेस्टमिन्स्टरला आणि धाकटा यॉर्कशरच्या डोंगरातल्या सेटलला, तर बापाने गेल्या बारा वर्षांत कुठे कुठे काम केलं त्याचा नकाशाच पोरांच्या जन्मगावांत मिळतो, बाप स्वतः एक अक्षर लिहून गेला नसला तरी. (१९३१ ची इंग्लंडची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही, तेव्हा १९२१ नंतर युद्धाच्या सुरुवातीला केलेल्या लोकांच्या यादीवर, १९३९ च्या रजिस्टरवर, भागवावं लागतं.)

नोंदीत धंदा एकाच शब्दाने येईल अशी अपेक्षा ठेवू नये. बाकावर दगड ठेवून घडवतो तो बँकर मेसन, जागेवर बसवतो तो फिक्सर, उत्तरेत नुसती भिंत रचणारा वॉलर, यॉर्कशरमध्ये खाणीतला माणूस डेल्व्हर, आणि एकच माणूस दहा वर्षांच्या अंतराने यातल्या दोन-तीन नावांनी सापडतो. जुन्या मृत्युपत्रात 'फ्रीमेसन' वाचून आपले पणजोबा गुप्त मंडळात होते म्हणून हुरळून जाणारे पुष्कळ असतात, पण बऱ्याचदा तो बारीक पोताचा, कुठल्याही बाजूने कापता येणारा फ्रीस्टोन घडवणारा साधा कारागीर असतो.

शिकाऊ उमेदवारी १५६३ च्या कायद्याप्रमाणे सात वर्षांची, आणि १७१० पासून उमेदवारीच्या करारावर सरकारने कर लावला त्याच्या वह्या १८११ पर्यंतच्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. मात्र बापाकडे शिकलेला मुलगा यात सहसा दिसत नाही, आणि या धंद्यात तर बापाकडेच शिकायची रीत, म्हणजे नेमकं जिथे हवं तिथे भोक.

युनियनचे कागद मात्र सोनं आहेत. १८३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या ऑपरेटिव्ह स्टोनमेसन्स सोसायटीचं दर पंधरवड्याचं पत्रक निघायचं, १८३४ पासूनची ही पत्रकं वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये ठेवली आहेत. काम नसलेला सभासद कार्ड घेऊन गावोगाव पायी फिरायचा, प्रत्येक लॉजवर (सोसायटीच्या स्थानिक शाखेत) त्याला रात्रीची सोय आणि थोडे पैसे मिळायचे. नवे सभासद, मेलेले सभासद, संपात फुटलेले, सगळ्यांची नावं पत्रकात. सप्टेंबर १८४१ मध्ये पार्लमेंटच्या नव्या इमारतीवरचे पाथरवट जॉर्ज ॲलन नावाच्या मुकादमाच्या जाचाला कंटाळून काम टाकून बाहेर पडले, नेल्सन कॉलमवरचे लोकही सामील झाले आणि संप १८४२ पर्यंत चालला. तेव्हा लंडनमध्ये असलेला पूर्वज मध्येच गायब झाला असेल तर या संपाचे कागद आधी चाळावेत.

काही ठिकाणी उलटा त्रास. डॉर्सेटच्या पोर्टलंड बेटावर लोक फारसे हललेच नाहीत, कॉम्बेन, ॲटवूल, पीअर्स, स्टोन अशी मोजकी आडनावं पिढ्यानपिढ्या फिरत राहतात आणि चुलत चुलत्यांचा गुंता सुटता सुटत नाही. (याच बेटावर 'ससा' हा शब्द उच्चारायचा नाही, ससे बिळं करतात आणि खाणीत दरड कोसळते म्हणून.) शेजारच्या पर्बेकमध्ये खाणकामगारांची जुनी संघटना अजून श्रोव्ह ट्यूजडेला (ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी) कॉर्फ कॅसल गावात भरते, सभासदाच्या औरस मुलालाच उमेदवार म्हणून घ्यायचं असा तिचा जुना नियम, म्हणजे एक नाव सापडलं की बापाचा धंदाही कळला.

एकाच घराण्याचा धागा किती लांब जातो याला स्ट्राँग घराण्याचं उदाहरण चांगलं. टिमथी स्ट्राँग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विल्टशरमधून कॉट्सवोल्डच्या टेंटन आणि बॅरिंग्टनच्या खाणींकडे आला. त्याचा मुलगा व्हॅलेंटाइन १६६२ मध्ये वारला, या व्हॅलेंटाइनचे सहाच्या सहा मुलगे याच धंद्यात. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये बाहेरच्या कारागिरांना काम करायची मुभा मिळाली तसा थोरला थॉमस आपली माणसं आणि दगड घेऊन तिकडे गेला, १६७५ मध्ये सेंट पॉल कॅथीड्रलच्या पायाचा दगड बसवण्यात तो होता, १६८१ ला तो गेल्यावर भाऊ एडवर्डने काम पुढे नेलं. इतकं सगळं कळतं ते हिशेबाच्या वह्या टिकल्या म्हणून. साध्या गावच्या चर्चच्या हिशेबातही 'भिंत दुरुस्तीबद्दल अमक्या मेसनला इतके शिलिंग' असं सापडतं आणि ते बघायला फारसं कोणी जात नाही.

कारागीर दगडावर कोरत त्या खुणांवरून पूर्वज शोधायचा मोह टाळलेला बरा. त्या पगाराच्या हिशेबासाठी, कुणी किती दगड घडवले ते मोजायला असायच्या, आणि एकच खूण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे लोक वापरत. नावाशी जोडणारा कागद नसेल तर खूण म्हणजे नुसती रेघ.

मृत्यूचा दाखला जरूर मागवावा. चाळिशीतच 'थायसिस', म्हणजे क्षय, असं कारण लिहिलेलं दिसलं तर पुष्कळदा ती दगडाची धूळ असते, आणि वाळूच्या दगडावर काम करणाऱ्यांना चुनखडीवाल्यांपेक्षा धोका फार जास्त. पुढच्या जनगणनेत बायको विधवा, धुणावळीचं काम करणारी आणि थोरला मुलगा तेराव्या वर्षी त्याच धंद्यात, असंही बघायला मिळतं.

आपल्याकडचा दुवाही आहे. मुंबईचं फ्लोरा फाउंटन १८६४ चं, जेम्स फोर्साइथने घडवलेलं, आणि दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा. माणसं आली ती जास्त करून पलटणीतून, भरतीच्या कागदावर जन्मगाव आणि आधीचा धंदा लिहिलेला असतो, तिथे 'मेसन' दिसला तर मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत बघाव्यात.