कॅन्सर ट्रायलमधल्या क्वालिटी ऑफ लाइफच्या आकड्यांचं विश्लेषण

कॅन्सरच्या ट्रायलमध्ये, म्हणजे उपचारांची तुलना करणाऱ्या चाचणीत, पेशंट स्वतः दुखणं, थकवा, झोप, जेवण, घरचं काम याबद्दल फॉर्मवर जे सांगतो, त्याचे आकडे करून दोन उपचारांची तुलना करणं म्हणजे हे विश्लेषण. गाठ किती आटली ते स्कॅनमध्ये दिसते, पण भाकरीचा घास गिळता येते का हे ज्याचं तोंड त्यालाच माहीत. विदर्भात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारे गावोगावी आहेत, तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट नागपूर, सेवाग्रामच्या दवाखान्यात येतच राहतात, त्यामुळे इकडे हा विषय फार जवळचा आहे.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा फॉर्म म्हणजे युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर संशोधन संस्थेचा क्यूएलक्यू-सी३०, १९९३ साली आलेला, मराठीतही आहे. प्रश्न ३०, बहुतेक मागच्या आठवड्याबद्दलचे. पहिल्या २८ ला १ ते ४ आणि शेवटच्या दोनला १ ते ७ असं उत्तर, मग सगळं ० ते १०० वर आणायचं. दुखण्याचे दोन प्रश्न आहेत, एकाला ३ आणि एकाला ४ दिले तर सरासरी ३.५, त्यातून १ वजा, ३ नं भागा, १०० नं गुणा, झाले ८३.३. इथं एक ध्यानात ठेवा, कामकाजाच्या भागात जास्त आकडा चांगला आणि त्रासाच्या भागात जास्त आकडा वाईट. साधारण १० गुणांचा फरक पेशंटला जाणवण्याइतका धरतात, पण तो सगळ्या भागांना सारखा लागू होत नाही. तोंड-घशाच्या कॅन्सरसाठी वेगळा जोडफॉर्म आहे, त्यात तोंड पूर्ण उघडते का हेही विचारतात.

पहिलाच प्रश्न जड पिशवी किंवा सुटकेस उचलायला त्रास होतो का असा आहे. शेतमजूर बाईला कापसाचं गाठोडं म्हटलं की लगेच कळते, पण एका सेंटरवर गाठोडं आणि दुसऱ्यावर सुटकेस असं चाललं तर आकडे एकत्र मोजायचे कसे, म्हणून शब्द आधीच ठरवून सगळीकडे तेच वापरले पाहिजेत. आणि उत्तर पेशंटचंच पाहिजे, वाचता येत नसेल तर ट्रायलचं काम पाहणाऱ्या कोऑर्डिनेटरनं वाचून दाखवावं, पण पोरानं बापाच्या वतीनं अंदाजे टिक करणं चालत नाही.

खरी अडचण कोऱ्या फॉर्मची. एखाद्या भागातले निम्मे तरी प्रश्न भरले असतील तर त्यांच्या सरासरीवर भागते, पण अख्खा फॉर्मच नसेल तर काय? समजा चार पेशंटचा थकवा २०, ३०, ८०, ९० आहे, सरासरी ५५. पुढच्या तारखेला शेवटचे दोघं अंथरुणातून उठूच शकले नाहीत, आले फक्त पहिले दोघं, तेही २५ आणि ३५ वर गेलेले. आता सरासरी ३०. दोघांचाही थकवा वाढला आणि कागदावर मात्र २५ गुणांची सुधारणा, असं औषध चांगलं म्हणून जाहीर झालं तर ते पेशंटवर अन्यायच आहे! म्हणून नुसत्या आलेल्यांची सरासरी काढू नये. मिक्स्ड मॉडेल नावाची आकडेशास्त्राची पद्धत वापरतात, ते पेशंटचे आधीचे आकडे धरून हिशोब करते, पण न येण्याचं कारण तब्येतच असेल आणि ती आधीच्या आकड्यांत दिसत नसेल तर तेही फसते. तेव्हा पॅटर्न मिक्श्चरसारखी (कोण कधी यायचं थांबलं त्यानुसार पेशंटचे गट करून हिशोब करणारी) मॉडेलं लावून, वेगवेगळी गृहीतकं धरून निकाल टिकतो का ते तपासायचं. पेशंट वारला असेल तर त्यानंतरच्या फॉर्मला 'राहिलेला' म्हणायचं नाही, तो वेगळा मोजायचा. २०२० साली सिसाक्वॉल या, अशा आकड्यांच्या विश्लेषणाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटानं दिलेल्या शिफारशींत हा फरक स्पष्ट केलेला आहे.

काही डॉक्टर पेशंटनं सांगितलेल्या या आकड्यांना कमी भरवशाचा डेटा समजतात, ते मला पटत नाही. अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्ये ७६६ पेशंट होते, काहींनी आपला त्रास घरून-दवाखान्यातून कॉम्प्युटरवर नियमित कळवला, आणि २०१७ साली आलेल्या निकालात त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने निघालं, नेहमीच्या पद्धतीत २६.

आपल्याकडे फॉर्म भरायचा राहून जाण्याची कारणं दोन तऱ्हेची असतात. कापूस वेचणीची मजुरी बुडते किंवा एसटी मिळाली नाही म्हणून न आलेला पेशंट वेगळा, आणि उलट्यांनी बेजार होऊन न आलेला वेगळा. दोघांच्या नावापुढं नुसतं 'गैरहजर' लिहिलं की पुढं कोणतंही सॉफ्टवेअर त्यांना वेगळं करू शकत नाही, म्हणून त्याच दिवशी फोन करून कारण विचारावं आणि ते तारखेसकट लिहून ठेवावं.