रायफलची नळी चार इंच लांब केली की नक्की काय मिळतं?

लहानपणी पपईच्या पानाचा देठ तोडून त्यातून ज्वारीचे दाणे फुंकून मारायचा खेळ ज्यांनी खेळलाय त्यांना या लेखातलं अर्धं विज्ञान आधीच माहितीये. वीतभर देठातून फुंकलं की दाणा दोन पावलांवर पडायचा, हातभर देठ घेतला की तोच दाणा अंगण ओलांडून गोठ्याच्या पत्र्यावर टण्णकन वाजायचा, फुंकर तीच, छाती तीच. मग कुणीतरी दोन देठ एकात एक खुपसून भलीमोठी नळी बनवायचं, चीक लागून ओठ चुरचुरायचे, आणि एवढं करून दाणा तोंडाशी येऊन नुसता खाली टपकायचा. म्हणजे लांबी वाढली की वेग वाढतो, पण एका हद्दीपर्यंतच, आणि ती हद्द कुठे येते हे तुमच्या श्वासावर ठरतं.

हे आठवलं ते ओहायोत मावसभावाकडे गेलो होतो तेव्हा. तो दर शनिवारी शूटिंग रेंजवर जातो आणि त्याच्याकडे दोन एआर-१५ रायफली आहेत, एकीची नळी १६ इंचांची आणि दुसरीची २० इंचांची, बाकी सगळं जवळपास सारखंच. (आपल्याकडे अशी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस स्वतःच भरणारी रायफल प्रतिबंधित शस्त्रांत मोडते, सामान्य माणसाच्या परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे हा सगळा विषय मुख्यत्वे अमेरिकेतलाच आहे.) तर भाऊ म्हणाला मला लांबवालीच आवडते, मी विचारलं का, तर म्हणाला अरे नेम अचूक लागतो ना. रेंजवरच्या आणखी दोघांनीही हेच सांगितलं. घरी येऊन मी यावर बरंच वाचलं, आणि मला वाटतं की लांब नळीची ओढ अगदी खरी आहे पण तिचं जे कारण सगळे सांगतात ते बहुतेक वेळा चुकीचं असतं, खरी कारणं वेगळीच आहेत आणि मला ती जास्त सुंदर वाटतात.

आधी नळीच्या आत काय होतं ते बघू. ट्रिगर दाबला की पिन काडतुसाच्या बुडावर आपटते, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) पेटतो, त्याने पावडर पेटते. पावडरचा बॉम्बसारखा स्फोट होत नाही हे लक्षात घ्या, ती जळते, फक्त भयंकर वेगाने जळते आणि तिचा गॅस होतो. .२२३ रेमिंग्टन या एआर-१५ च्या काडतुसाला अमेरिकेत ५५,००० पीएसआय दाबाची मर्यादा घातलेली आहे, आणि आपण गाडीच्या टायरमध्ये हवा भरतो तीस-बत्तीस पीएसआय! हा दाब शिगेला पोचतो तेव्हा गोळी जेमतेम एक-दोन इंच सरकलेली असते, तिथून पुढे ती जशी पुढे जाते तशी मागची जागा मोठी होत जाते आणि दाब भराभर उतरतो. पूर्ण २० इंचांचा प्रवास एका सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात संपतो, आणि तेवढ्यात साडेतीन ग्रॅमची गोळी शून्यापासून सेकंदाला ९९० मीटरपर्यंत पोचते. मी सरासरी त्वरण काढून पाहिलं तर ते गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पटीच्या आसपास आलं, दोनदा हिशेब केला कारण विश्वासच बसेना.

आता बंद पडलेली जीप ढकलायची कल्पना करा. पहिल्या दहा पावलांत चार जण पूर्ण जोर लावतात, पुढच्या दहात दमायला लागतात, त्याच्या पुढच्या दहात नुसता हात टेकवून धावतात, पण जोपर्यंत हाताचा दाब घर्षणापेक्षा जास्त आहे तोपर्यंत जीपचा वेग वाढतच राहतो. लांब नळी म्हणजे ढकलणाऱ्यांना मिळालेला जास्तीचा रस्ता. पहिल्या इंचांनी जेवढं दिलं तेवढं शेवटचे इंच देत नाहीत, पण देतात. अमेरिकी सैन्याच्या एम-१६ च्या (ही एआर-१५ चीच लष्करी बहीण) २० इंची नळीतून ६२ ग्रेनची, म्हणजे साधारण चार ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९४८ मीटर वेगाने निघते, आणि एम-४ च्या साडेचौदा इंची नळीतून तीच गोळी ९०० च्या आसपास. म्हणजे साडेपाच इंचांत पाचेक टक्के.

पाच टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, मलाही नव्हतं वाटलं. पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते म्हणून ती दहा टक्के वाढते, आणि ठराविक अंतरावर गोळी किती खाली पडते तेही वेळेच्या वर्गावर ठरतं त्यामुळे तो झोलसुद्धा दहाएक टक्क्यांनी कमी होतो, शिवाय वाऱ्याला गोळी ढकलायला वेळ कमी मिळतो. १०० मीटरवर कागदाला भोकं पाडणाऱ्याला यातलं काहीच जाणवणार नाही. पण अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मोकळ्या माळरानांवर तीनशे-चारशे मीटरवरून प्रेअरी डॉगची शिकार करणारे लोक २४ इंची नळ्या घेतात ते उगाच नाही, खारीच्या जातीचा तो प्राणी मांजरापेक्षाही लहान असतो, तिथे दोन-चार सेंटिमीटरचा झोल म्हणजे नेम हुकणं किंवा त्याहून वाईट म्हणजे प्राणी जखमी होऊन बिळात जाणं.

मग प्रश्न पडतो की एवढं आहे तर अमेरिकेत दुकानात दिसणाऱ्या बहुतेक एआर-१५ सोळा इंचीच का असतात. याचं उत्तर भौतिकशास्त्रात नाही, कायद्यात आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने आखूड नळीच्या रायफलींवर नोंदणी आणि २०० डॉलरचा कर लावला, तेव्हा हद्द १८ इंचांची होती, १९६० मध्ये ती रायफलींसाठी १६ इंचांवर आली. बनवणाऱ्यांनी मग हद्दीला टेकून माल बनवला. मूळ एआर-१५, जी आर्मलाइट कंपनीत युजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात बनवली आणि १९५९ ला कोल्टने हक्क विकत घेतले, ती २० इंचीच होती, आणि तिचं काडतूस, पावडर, गॅसचा मार्ग सगळं त्या लांबीला धरून जुळवलेलं होतं. सैन्याची त्याआधीची एम-१ गॅरंड २४ इंची, मग एम-१४ बावीस इंची, मग एम-१६ वीस, मग १९९४ ची एम-४ साडेचौदा. सैनिक चिलखती गाड्यांत आणि हेलिकॉप्टरमध्ये बसायला लागला तशी नळी आखूड होत गेली, कारण दारातून बाहेर पडताना ती अडकता कामा नये. खेळाच्या मैदानावर असं कुठलंच दार नसतं.

आता सेमी-ऑटोमॅटिकची खास गोष्ट, जी मला सगळ्यात रंजक वाटते आणि जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी, पण रिकामं काडतूस बाहेर फेकून पुढचं आत भरायचं काम रायफल स्वतः करते. त्यासाठी लागणारी ताकद ती आणते कुठून? नळीला मध्येच एक बारीक भोक असतं, गोळी त्या भोकापुढे गेली की मागचा थोडा गॅस त्यातून एका सळईएवढ्या ट्यूबमधून मागे येतो आणि बोल्टला, म्हणजे काडतूस मागून बंद करून धरणाऱ्या सरकत्या भागाला ढकलतो. पण गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडली की सगळा दाब भसकन निघून जातो, त्यामुळे भोक ओलांडल्यापासून तोंडाबाहेर पडेपर्यंत जेवढा क्षण मिळतो तेवढ्यातच हे काम उरकायचं असतं.

वीस इंची नळीत हे भोक खूप पुढे, नळीच्या मागच्या टोकापासून साधारण तेरा इंचांवर. तिथपर्यंत येईस्तोवर गॅसचा दाब बराच उतरलेला असतो, त्यामुळे बोल्टला जो धक्का बसतो तो शांत, मोजका. आखूड नळीच्या रायफलीत, म्हणजे कार्बाइनमध्ये भोक मागे घ्यावं लागतं, साताठ इंचांवर, आणि तिथला गॅस अजून तापलेला, दाबाने फुरफुरणारा असतो, तो बोल्टला हाणतोच. बोल्ट जोरात मागे येतो, काडतुसाचं पितळ अजून नळीच्या भिंतीला चिकटलेलं असतानाच त्याला ओढायला बघतो, सुटे भाग लवकर झिजतात, आणि खांद्याला बसणारा धक्का टोकदार लागतो. मधला तोडगा म्हणून नऊ-दहा इंचांवर भोक असलेली मिड-लेंग्थ रचना निघाली आणि आता ती १६ इंची नळ्यांवर भरपूर दिसते. भावाच्या दोन्ही रायफली मी खांद्याला लावून पाच-पाच गोळ्या मारल्या, काडतुसं एकाच डब्यातली होती, तरी लांबवाली जणू कुणी तळहाताने ढकलतंय अशी आणि आखूडवाली कोपर मारल्यासारखी. डोळे मिटून सांगता आलं असतं कुठली कुठली ते.

आवाजाचंही तसंच. आखूड नळीच्या तोंडाशी गॅसचा दाब जास्त शिल्लक असतो, म्हणजे शिट्टी व्हायच्या आधीच कुकरचं झाकण उघडण्यासारखा प्रकार. शिवाय त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतात जे नळीत पूर्ण जळलेले नसतात, ते बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिळाला की पुन्हा पेटतात आणि तो मोठा पिवळा-केशरी भडका दिसतो तो याचाच. लांब नळीत गॅस जास्त पसरतो, थोडा थंड होतो, भडका लहान होतो. शेजारच्या लेनमध्ये एकजण आखूड कार्बाइन चालवत होता, त्याच्या प्रत्येक गोळीला माझ्या छातीवर हवेची थाप बसत होती, इअरमफ घालूनसुद्धा दचकायला होत होतं. पण लांब नळी आहे म्हणून कान उघडे ठेवून कुणी मारू नये, दोन्ही आवाज दीडशे डेसिबलच्या वरचेच असतात आणि एका गोळीतही कान कायमचा जाऊ शकतो.

आता अचूकतेबद्दल. लांब नळी आपोआप अचूक असते ही समजूत उलटी आहे. एका टोकाला पक्की धरलेली दांडी किती वाकते हे तिच्या लांबीच्या घनावर अवलंबून असतं, म्हणजे तेवढ्याच जाडीची नळी १६ वरून २० इंच केली की तेवढ्याच जोराला ती जवळपास दुप्पट वाकते, २४ केली की तिपटीहून जास्त. गोळी सुटताना नळी छेडलेल्या तारेसारखी थरथरते, आणि लांब-सडपातळ नळी जास्त थरथरते. आखूड आणि जाड नळी शुद्ध यांत्रिक अचूकतेत तिला आरामात हरवू शकते. म्हणूनच प्रेअरी डॉगवाल्या २४ इंची नळ्या मनगटाएवढ्या नसल्या तरी चांगल्या जाडजूड असतात, आणि मग वजन वाढतं, दिवसभर खांद्यावर वागवायची असेल तर संध्याकाळी कळतं.

मग रेंजवरचे तिघेही खोटं बोलत होते का? अजिबात नाही, त्यांच्या गोळ्या खरंच जवळजवळ पडत होत्या. पण ती करामत नळीच्या आतली नाही. एक कारण म्हणजे माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण. नळीवरची पुढची माशी आणि डोळ्याजवळचं मागचं भोक यांच्यातलं अंतर २० इंचीवर साधारण ५० सेंटिमीटर असतं आणि कार्बाइनवर ३७ च्या आसपास. माशी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर १०० मीटरवर पहिलीत १० सेंटिमीटरची चूक होते, दुसरीत साडेतेराची. तोच हात, तोच डोळा, चूक मात्र कमी. (दुर्बीण लावली की हा फायदा संपतो. ओहायोतच एरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरीला १९०७ पासून जे राष्ट्रीय सामने होतात तिथे सर्व्हिस रायफलवर (लष्करी धाटणीच्या रायफलवर) दुर्बीण चालायला लागली ती २०१६ पासून, तोपर्यंत सगळा खेळ माशीवरच होता, ६०० यार्डांवरसुद्धा.)

दुसरं कारण आपण लहानपणी डोंबाऱ्याच्या खेळात पाहिलंय. दोरीवर चालणारी पोरगी हातात लांब बांबू आडवा धरते, कारण वजन मध्यापासून जितकं लांब तितकं ते फिरवायला जड, आणि हा जडपणा अंतराच्या वर्गाने वाढतो. लांब नळीचं पुढचं टोक हेच करतं. उभं राहून नेम धरला की आखूड रायफलचं तोंड श्वासाबरोबर, नाडीच्या ठोक्याबरोबर भुरभुर हलतं, लांबवालीचंही हलतं पण संथ, तुम्हाला ट्रिगर दाबायला तेवढी उसंत मिळते. मला दोन्हीतला हा फरक पहिल्याच मिनिटाला जाणवला आणि मी काही नेमबाज नाही.

पपईचा दुसरा धडा राहिलाच, फुंकर संपल्यावर काय होतं तो. .२२ लाँग रायफल हे छोटं काडतूस, त्यात पावडर चिमूटभर, तिचा गॅस साधारण १६ ते २० इंचांत पार दमतो. १९६४ मध्ये आलेली रुगर १०/२२ ही सेमी-ऑटोमॅटिक साडेअठरा इंची नळीची आहे, म्हणजे बरोबर त्या जागी. त्याहून खूप लांब नळी लावली तर गोळी वेग घेण्याऐवजी घासत घासत हळू होते. आणि गंमत बघा, ऑलिंपिकची ५० मीटर रायफल याच .२२ ची असते, जरी ती सेमी-ऑटोमॅटिक नसते, प्रत्येक गोळी हाताने भरायची. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात ब्राँझ मिळवलं तो हाच, दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. या प्रकारातले कितीतरी नेमबाज नळी मुद्दाम आखूड आणि ताठ ठेवतात, आणि तिच्या तोंडापुढे एक पोकळ ट्यूब जोडतात. ट्यूबचा व्यास मोठा असतो, गोळी तिला आतून कुठेच शिवत नाही, दाब देत नाही की घर्षण देत नाही. माशी बसते ती ट्यूबच्या टोकावर. बाहेरून बघितलं तर भलीलांब नळी दिसते, गोळी मात्र केव्हाच सुटलेली असते.