उडत्या पाणपक्ष्यांचे छायाचित्रण (भिगवण)

पाणथळीवर वावरणारा वन्य पक्षी हवेत असताना त्याचे चित्र टिपणे. पक्षीमित्रांच्या बोलण्यात याला ‘फ्लाइट शॉट’ म्हणतात. त्यासाठी हिवाळ्यात छायाचित्रकार जिथे जमतात, त्यांत नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर (राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) आणि पुणे जिल्ह्यातील भिगवण ही महाराष्ट्रातील ठळक ठिकाणे. येथे विचार मुख्यतः भिगवणचा केला आहे, कारण तिथे होडीत बसून पाण्यालगतच्या पातळीवरून चित्रे घेता येतात.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला, पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर, सोलापूर रस्त्यालगत भिगवण आहे; कुंभारगाव आणि डिकसळ ही जवळची गावे. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असते तेव्हा काठालाही पाणी खोल असते. सिंचनासाठी पाणी सुटू लागले की पातळी उतरते, गाळपेर, म्हणजे काठची गाळाची जमीन, उघडी पडते, आणि उथळ पाण्यात रोहित म्हणजे फ्लेमिंगो उतरतात. म्हणून दिवाळीनंतर लगेच गेलेल्याला बदके आणि कुरव (गल) भेटतात, पण रोहितांसाठी बहुधा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कळ काढावी लागते. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी हा हंगाम आणखी पुढे सरकतो. होडीवाले बहुतेक मूळचे मासेमार आहेत. चिलापीसाठी जाळी टाकता टाकता थवे कोणत्या उथळीवर बसतात हे ते रोज पाहत असतात, आणि ती माहिती कोणत्याही महागड्या लेन्सपेक्षा मोलाची आहे.

पक्षी केव्हा आणि कसा उडेल याचा अंदाज हाच या कलेचा गाभा. थापट्या, भुवई बदक यांसारखी पाण्याच्या वरच्या थरात चरणारी बदके जागच्या जागी सरळ वर उसळतात. सावध व्हायला क्षणही मिळत नाही. लालसरीसारखी बुडी मारणारी बदके आणि वारकरी (कूट) हा पाणपक्षी मात्र पाण्यावर पाय आपटत दूरवर धावतात. रोहितही असेच धावत उठतात, त्यामुळे पाण्याचे शिंतोडे आणि मागे सुटलेली पावलांची रांग चित्रात येते. बसलेला रोहित फिका दिसतो. पंख उघडले की आतला लालभडक रंग आणि काळी उड्डाणपिसे एकदम प्रकटतात. ‘अग्निपंख’ हे नाव त्या क्षणाचेच आहे. पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस) उठण्यापूर्वी माना हलवतात, आवाज वाढवतात. नदी सुरय (टर्न) हा पक्षी मासा दिसला की चोच खाली वळवून हवेत थबकतो, मग सूर मारतो. ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षीही घिरट्या घालताना थबकतो, पण तो पाय पुढे करून पाण्यात शिरतो. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यालगत तरंगत आला, की बसलेली बदके घाबरून उठणार हे नक्की. तेव्हा भोवत्याकडे पाहत राहण्याऐवजी बदकांवर नेम धरलेला बरा.

वाऱ्याचा विचार नवशिक्यांकडून हमखास राहून जातो. जड पक्षी वाऱ्याकडे तोंड करूनच उठतात आणि तसेच उतरतात. हिवाळ्यात दख्खनवर वारा बहुतेक वेळा पूर्व-ईशान्येकडून मंद वाहतो. सकाळी होडी थव्याच्या पूर्वेला ठेवली तर ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी येतात, आणि पक्षी तोंड दाखवत समोर येतो. संध्याकाळी ऊन पश्चिमेला गेलेले असते; ऊन पाठीशी घ्यावे तर पक्ष्यांची पाठच हाती लागते. सूर्योदयानंतरचे पहिले दोन-अडीच तास म्हणूनच मोलाचे. पुढे ऊन तापले की चिखलावरची हवा थरथरू लागते आणि दूरचा पक्षी उत्तम लेन्समधूनही पुसट येतो.

साधने थोडक्यात सांगता येतात. लेन्स साधारण ४०० ते ६०० मिलिमीटरची लागते. मोठ्या पक्ष्याला शटर १/१६०० सेकंद पुरते, सुरयाला १/३२०० लागते. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवावा. प्रकाश स्थिर असेल तर एक्स्पोजर हाताने बांधून टाकणे उत्तम, कारण तोच पांढरा बगळा गडद पाण्यावरून उजळ आकाशात गेला की कॅमेऱ्याचे स्वतःचे गणित फसते. होडीत तिपाई निरुपयोगी ठरते. इंजिनाची थरथर तिच्यातून थेट कॅमेऱ्यात जाते.

या कलेचे मूळ शास्त्रीय कुतूहलात आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. तो सेकंदाला १२ चित्रे घेई, आणि पंखांची एकेक स्थिती त्यातून प्रथमच सुटी करून पाहता आली.

चित्रासाठी पक्षी मुद्दाम उठवणे हा या छंदातला सर्वांत वाईट प्रकार होय. कोणी टाळ्या वाजवतो, कोणी ‘अजून जवळ घ्या’ म्हणत होडी थव्यात घुसवायला लावतो. पट्टकदंब मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेले असतात. त्यांच्या उड्डाणांची नोंद ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर झाली आहे. चरण्यासाठी आलेल्या अशा पक्ष्याला सकाळभरात चार-पाच वेळा उठवले, तर त्याने कमावलेली ताकद वाया जाते. छायाचित्र म्हणूनही त्यातून काही साधत नाही, कारण घाबरलेला पक्षी होडीपासून दूर पळतो आणि चित्रात त्याची शेपटी तेवढी येते. मुंबईच्या किनाऱ्यावर कुरवांना शेव-गाठ्या टाकून जवळ बोलावतात, तेही टाळायला हवे. तळलेले पदार्थ हे त्यांचे अन्न नव्हे. भिगवणचे जाणते होडीवाले थव्यापासून बऱ्याच अंतरावर इंजिन बंद करतात, बांबू गाळात रोवून होडी अडवतात आणि गप्प बसतात. थोड्या वेळाने थवा चरत चरत आपणहून होडीकडे सरकतो, आणि उडतो तेव्हा स्वतःच्या मर्जीने, वाऱ्याकडे तोंड करून उडतो.