सॅक्रल तंतू कोणाच्या खात्यात? परिघीय चेतासंस्थेच्या वाटणीची पार्श्वभूमी

औषधशास्त्राचा अभ्यास परिघीय चेतासंस्थेपासून, म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जूच्या बाहेरच्या चेतातंतूंपासून, सुरू करतात, त्याचं एक कारण व्यावहारिक आहे. मेंदू आणि मेरुरज्जू यांना रक्तातल्या बऱ्याच रसायनांपासून संरक्षण असतं. बाहेरच्या तंतूंच्या टोकांना बहुतांशी ते नसतं, त्यामुळे औषध तिथे सहज पोचतं. पण त्याहून मोठं कारण इतिहासात आहे. ही संस्था कशी चालते हे मुळात विषं आणि औषधं वापरूनच कळलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये बेडकांवर क्युरारे या विषाचे प्रयोग झाले. विषबाधा झालेल्या बेडकाच्या चेतातंतूला विजेचा झटका दिला तर स्नायू हलेना, थेट स्नायूला दिला तर आकुंचन पावे. तंतूही निकामी नव्हता, स्नायूही नव्हता. विष अडवत होतं ते दोघांच्या मधली जागा. पुढे 1889 मध्ये केंब्रिजमध्ये हीच युक्ती निकोटीनने केली गेली. गँग्लिऑनवर, म्हणजे चेतापेशींच्या गाठीवर, निकोटीन लावलं की त्याच्या अलीकडच्या तंतूला दिलेलं उत्तेजन पुढे जात नसे, पलीकडच्या तंतूला दिलेलं मात्र परिणाम दाखवी. कुठला तंतू त्या गँग्लिऑनमध्ये जोड बदलतो आणि कुठला नुसता आरपार जातो, याचा नकाशा या एका रसायनाने काढून दिला. आजच्या पुस्तकांत ‘प्रीगँग्लिऑनिक’ आणि ‘पोस्टगँग्लिऑनिक’ तंतूंची जी आकृती असते, तिचा पाया तिथे आहे.

केंब्रिजच्या याच प्रयोगशाळेतून 1898 मध्ये ‘ऑटोनॉमिक’ (अंतर्गत अवयव आपोआप चालवणारी संस्था) आणि 1905 मध्ये ‘पॅरासिंपथेटिक’ (तिचा एक भाग; दुसरा ‘सिंपथेटिक’) ही नावं आली. त्यातल्या दुसऱ्या नावात एक निर्णय दडला होता, आणि त्याचा वाद अजून मिटलेला नाही.

अंतर्गत अवयवांकडे जाणारे तंतू मेरुरज्जूतून सलग निघत नाहीत, हे 1880च्या दशकातच स्पष्ट झालं होतं. एक गट मेंदूच्या बुडाशी, एक छाती-कंबरेच्या भागात, एक अगदी खाली सॅक्रल, म्हणजे कण्याच्या शेवटाकडच्या, भागात; आणि मध्ये जिथून हातापायांचे तंतू निघतात तिथे खंड. मधला गट सिंपथेटिक, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. उरलेल्या दोघांना, म्हणजे डोक्याकडच्या आणि अगदी खालच्या तंतूंना, एकाच नावाखाली आणायचं ठरलं. शरीररचनेच्या दृष्टीने त्यांच्यात ठळक साम्य एवढंच, की दोघेही मधल्या गटात नव्हते. मग आधार कशाचा घेतला? बऱ्याच अंशी औषधांचा. अॅड्रेनलीन टोचल्यावर जे परिणाम दिसतात ते मधल्या गटाला उत्तेजन दिल्यासारखे असतात, बाकी दोघांसारखे नसतात. उलट पिलोकार्पीन या औषधाचे परिणाम मुख्यतः या दोघांशी जुळतात. जी विभागणी आपण शरीररचनेची म्हणून पाठ करतो, ती ठरवताना औषध हा एक मोठा साक्षीदार होता, हे सहसा सांगितलं जात नाही.

शंभरावर वर्षं हे चाललं. 2016 मध्ये पॅरिसमधल्याच एका गटाने उंदरांच्या भ्रूणांवरचं काम प्रसिद्ध केलं आणि सॅक्रल तंतू पॅरासिंपथेटिक नव्हेतच, सिंपथेटिक आहेत, असा दावा केला. डोक्याकडच्या चेतापेशी घडताना जी जनुकं चालू असतात ती सॅक्रल पेशींत दिसली नाहीत. दिसली ती छाती-कंबरेच्या गटातली. शिवाय डोक्याकडची पॅरासिंपथेटिक गँग्लिया घडवणाऱ्या पेशी चेतातंतूंच्या आधाराने जागेवर पोचतात, तर ओटीपोटातली गँग्लिया तंतू नसतानाही तयार झाली.

प्रतिक्रिया तिखट होत्या. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की पेशीचा जन्म कुठल्या घराण्यात झाला यावरून तिचं काम ठरत नाही. सॅक्रल तंतूंमुळे मूत्राशय आकुंचन पावतं, कंबरेकडच्या तंतूंमुळे सैल पडतं. हा विरोध नाव बदलल्याने जात नाही. मला यात दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताना दिसतात. भ्रूणशास्त्राचा पुरावा भक्कम आहे, तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण औषध देणाऱ्याला पेशीच्या वंशावळीचा उपयोग थोडा. बहुतेक पाठ्यपुस्तकांनी जुनं कोष्टक तसंच ठेवलं आहे.

खरं तर औषधशास्त्राने या दोन नावांवर विसंबणं फार आधीच सोडलं होतं. 1921 मध्ये ग्राझमध्ये एका बेडकाच्या हृदयाच्या तंतूला उत्तेजन दिल्यावर त्या हृदयातल्या द्रवाने दुसरं हृदयही मंदावलं, आणि तंतूंच्या टोकाशी रसायन सुटतं हे दिसलं. घामाच्या ग्रंथींनी मग पंचाईत केली. त्यांना जाणारे तंतू सिंपथेटिक, पण सुटणारं रसायन असिटिलकोलीन, जे एरवी पॅरासिंपथेटिक टोकांचं. म्हणून 1933 मध्ये तंतूंना त्यांच्या रसायनावरून ‘कोलिनर्जिक’ आणि ‘अॅड्रेनर्जिक’ म्हणायची सूचना आली. अॅड्रेनर्जिक हे नाव तसं अर्धवटच ठरलं, कारण 1946 मध्ये सिंपथेटिक टोकांवरचं मुख्य रसायन नॉरअॅड्रेनलीन असल्याचं दाखवलं गेलं.

आणि मग 1948. अॅड्रेनलीनच्या जातीची सहा रसायनं (अमाइन्स) घेऊन वेगवेगळ्या अवयवांवर त्यांच्या ताकदीचा क्रम लावला गेला, आणि दोनच क्रम निघाले. त्यावरून अल्फा आणि बीटा हे दोन रिसेप्टर, म्हणजे पेशीवर रसायन जिथे बसतं त्या जागा, मांडले गेले. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने हा लेख परत पाठवला होता. तो शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला आणि दहाएक वर्षं फारसा कुणी मनावर घेतला नाही. बीटा अडवणारं पहिलं रसायन 1958 मध्ये हाती आलं तेव्हा ही मांडणी कागदावरून दवाखान्याकडे निघाली. 1960च्या दशकात बीटा अडवणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध आलं. 1967 मध्ये बीटाचेही बीटा-1 आणि बीटा-2 असे भाग पडले, आणि त्याच वाटेने हृदयाला फारसं न छेडता श्वासनलिका सैल करणारं साल्ब्युटामॉल मिळालं.

सॅक्रल तंतूंनी मात्र याही व्यवस्थेत खोड काढलीच. या तंतूंमुळे होणारं मूत्राशयाचं आकुंचन अनेक प्राण्यांत अॅट्रोपीन देऊनही पूर्ण थांबत नाही, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच लक्षात आलं होतं. असिटिलकोलीनचा मार्ग बंद, तरी आकुंचन चालूच. तो उरलेला भाग एटीपी या दुसऱ्या रसायनाचा असल्याचं 1970 नंतर पुढे आलं. निरोगी माणसाच्या मूत्राशयात तो नगण्य असतो, काही आजारांत वाढतो. शिश्नाच्या ताठरतेतही हेच कोडं होतं: तंतू सॅक्रल, पण अॅट्रोपीनला दाद नाही. तिथला मुख्य निरोप्या नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला. 1998 मध्ये बाजारात आलेलं सिल्डेनाफिल मस्करिनिक (असिटिलकोलीनचा), अल्फा, बीटा यांपैकी कुठल्याच रिसेप्टरवर बसत नाही. त्या वायूमुळे स्नायूपेशीत वाढलेलं सीजीएमपी हे स्नायू सैल करणारं रसायन मोडणाऱ्या एन्झाइमला ते अडवतं.