सरफेसी कारवाईतील कर्जदाराचा वकील

गृहकर्ज थकले की बँक किंवा गृहवित्त कंपनी 2002 च्या सरफेसी कायद्याखाली तारण घराचा ताबा घेऊन ते लिलावात काढू शकते. अशा वेळी कर्जदाराची बाजू लढवणारा हा वकील. बँकेला दिवाणी दावा लावावा लागत नाही आणि कलम 34 मुळे कर्जदारालाही दिवाणी कोर्टात जाता येत नाही, म्हणून हे काम मुख्यतः कर्ज वसुली न्यायाधिकरणात (डीआरटी) चालते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे डीआरटी आहेत. सहकारी बँकाही हा कायदा वापरू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये मुरगूडच्या (जि. कोल्हापूर) सहकारी बँकेच्या प्रकरणात पक्के केले.

हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए (अनुत्पादक, म्हणजे बुडीताकडे झुकलेले कर्ज) होते. मग एखाददुसरा हप्ता भरून भागत नाही. सगळी थकबाकी चुकती केल्याशिवाय खाते पुन्हा नियमित होत नाही. पुढची पायरी कलम 13(2) ची 60 दिवसांची मागणी नोटीस. तिच्याविरुद्ध डीआरटीत जाता येत नाही, पण लेखी हरकत घेता येते आणि बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. बहुतेक कर्जदार हे दोन महिने शाखा व्यवस्थापकाच्या तोंडी आश्वासनावर घालवतात. जाणकार वकील आधी खातेउतारा मागवतो, एनपीएची तारीख आणि दंडात्मक आकारणी ताडून पाहतो. येणे रक्कम मुद्दल-व्याजाच्या 20 टक्क्यांहून कमी उरली असेल किंवा तारण शेतजमीन असेल, तर कलम 31 मुळे कारवाईच होऊ शकत नाही. मात्र सातबारावर शेती लिहिलेली असणे पुरेसे नाही, जमीन प्रत्यक्ष कसली जात असल्याचे दाखवावे लागते.

60 दिवस उलटले की दारावर ताबा नोटीस चिकटते. हा सांकेतिक ताबा. घरचे लोक घरातच असतात, म्हणून ती गांभीर्याने घेतली जात नाही. कलम 17 खाली डीआरटीत अर्ज करण्याची 45 दिवसांची मुदत मात्र इथूनच धावू लागते. नोटीस सात दिवसांत दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतल्या, छापून यावी लागते. ती कात्रणे वकील जपून ठेवतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम 14 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, मुंबईत मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे बँकेला नऊ मुद्द्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यातली उणीव हा बचावाचा चांगला मुद्दा ठरतो.

नियम मोडल्याचे दाखवले तरी हाती पैसे नसतील तर स्थगिती टिकणे कठीण. न्यायाधिकरण बहुधा काही रक्कम भरायला लावते. अर्ज फेटाळला गेल्यास 30 दिवसांत अपील करता येते, पण त्यासाठी देण्याच्या 50 टक्के रक्कम जमा करावी लागते. सवलत मिळालीच तरी ही रक्कम 25 टक्क्यांखाली येत नाही.

सर्वांत महागात पडते ती लिलावाची तारीख. विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येते, हा 2016 पूर्वीचा समज अजून लोकांच्या डोक्यात आहे. आता हा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले. जाहिरात निघाल्यानंतर वकील विक्रीतले दोष शोधतो: कर्जदाराला 30 दिवसांची सूचना मिळाली का, राखीव किंमत मान्यताप्राप्त मूल्यांककाच्या अहवालावर ठरली का, खरेदीदाराने 25 टक्के रक्कम त्याच किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरली का.

एकरकमी तडजोड (ओटीएस) हा कर्जदाराचा हक्क नाही, बँकेची मर्जी आहे. लिलावात जादा रक्कम आली तर ती कर्जदाराला परत मिळते. कमी पडली तर बँक उरलेल्या पैशांसाठी मागे लागू शकते. किल्ल्या दिल्या म्हणजे कर्ज फिटले असे होत नाही.

दिवाळखोरीचा अर्जही फारसा उपयोगी नाही. 2016 च्या नादारी संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग सामान्य कर्जदारांना लागू झालेला नाही. मुंबईत 1909 चा आणि इतरत्र 1920 चा जुना कायदा चालतो. त्यांतून तारण घरावरचा बँकेचा हक्क सुटत नाही.

‘कर्ज निम्म्यात मिटवतो’ अशा जाहिराती करणाऱ्यांपासून सावध राहावे. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे. पैसे भरून प्रकरण मिटले की मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत मागावीत. बँकेमुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते.